मी हसले म्हणे

देव माणसाची परीक्षा पाहतो म्हणतात. माझी मात्र त्याने नेमकी महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशीच पाहावी? सावंगीतल्या आमच्या घरी पुरणपोळी, वडे, आंबील, सगळा स्वयंपाक तयार. मखरात दोघी बहिणी नटून उभ्या. आणि जेवायला बोलावलेल्या सवाष्णीच्या घरी सकाळीच सुतक पडलं! गल्लीतल्या एकूण एक बायका कुठे ना कुठे आमंत्रणाला गेलेल्या. यांनी फोन लावून लावून कान लाल केला, उपयोग शून्य.

सवाष्ण जेवल्याशिवाय आमच्या सासूबाई तोंडात काही घालत नाहीत. बरं, उपाशी राहायचं तर धड राहावं! सवयीने सकाळी शुगरची गोळी घेऊन बसल्या. दुपार कलली तशा घामाने भिजल्या, हात थरथरू लागले. मी साखर घेऊन गेले तर ओठ घट्ट मिटून मान फिरवली. "आधी सवाष्णीच्या तोंडात घास जाऊ दे," म्हणाल्या, "अन् तू थोबाड पाडून नको फिरू वं. लक्ष्म्या घरात हायेत, जराशी हास." हास! कपाळ माझं! इथे म्हातारीच्या जिवावर बेतलंय आणि मी दात दाखवत फिरू? मखरासमोर जाऊन मी मनातल्या मनात देवींना नाही नाही ते बोलले. शेवटी हात टेकले. म्हटलं, माझ्याने होत नाही बायांनो, आता तुम्हीच बघा.

तेवढ्यात फाटक वाजलं. दारात हिरवी साडी नेसलेली, भरल्या कपाळाची एक अनोळखी बाई. "उशीर झाला वं माय, आंजीहून गाडीच नाई भेटली," म्हणत ती आत आली. यांनीच कोणाला तरी सांगून धाडली असेल असं मला वाटलं. पाय धुतले, कुंकू लावलं, पाटावर बसवलं. तिने पहिला घास घेतला आणि मी लगेच पुरण सासूबाईंच्या तोंडात कोंबलं. हळूहळू त्यांचा घाम ओसरला. भाजीत मीठ कमी आहे म्हणाल्या, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

ओटी भरताना उलगडा झाला. बाईंना आमंत्रण होतं मागच्या गल्लीतलं! "तिकडं बी दोन घास खाईन, त्यात काय," म्हणून ती खळखळून हसली. मग म्हणाली, "दारातच वाटलं होतं मले, घर चुकली म्हणून. वापसच जाऊन राह्यली होती. पण तुम्ही इतक्या गोड हसल्या, मंग कशी जाऊ?"

मी हसले? त्या घटकेला? यांना विचारलं तर म्हणाले, "तू? तू तं खायले उठली होती."

मी वाद घालत नाही. ते हसू माझ्या तोंडावर कोणी ठेवलं, ते ठेवणारीला ठाऊक. सगळं माझ्याच हातून व्हायला हवं म्हणून मी सकाळपासून जळत होते, आणि काम झालं ते हात टेकल्यावर. संध्याकाळी मखरासमोर डोकं ठेवलं, डोळे भरून आले. राग मात्र अजून होताच. म्हटलं, "बायांनो, उपकार झाले, जन्मभर विसरणार नाही. पण करायचंच होतं तर जरा लवकर करायचं! म्हातारीचा जीव टांगणीला कशाला लावायचा?" एवढं बोलले आणि मला हसू फुटलं. या खेपेला मात्र ते माझं मला कळलं.