निळी तार वर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते कौसाआत्याचे. आणि त्या उपकारांची फेड म्हणून मी तिच्या एकुलत्या एका रेकॉर्डमधून शाहीर गायब केला.

(मुद्दाम नाही. मुद्दाम करायला अक्कल लागते.)

कौसाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. केजमध्ये तिच्या दोन खोल्यांत राहून मी शिकलो. ती शिलाई मशीनवर पाय हलवत ब्लाऊज शिवायची आणि शेजारी बसून मी त्याच तालावर पाढे म्हणायचो. आजही मला सतराचा पाढा पाय हलवल्याशिवाय येत नाही! आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. आता इथल्याच ज्युनिअर कॉलेजात पोरांना हिशेबशास्त्र शिकवतो, म्हणजे कोणती रक्कम जमेला आणि कोणती नावे. हे सगळं आत्याच्या पायांवर उभं आहे, आणि हे मी अलंकारिक बोलत नाही.

तर ही आत्या तरुणपणी एका गायन पार्टीत होती. भीमजयंतीला गावोगाव कार्यक्रम व्हायचे. एकदा ती पार्टी मुंबईला गेली आणि चक्क एक रेकॉर्ड करून आली. कव्हरवर शाहिराचा फोटो, त्याचं नाव मोठ्या अक्षरांत, आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'आणि सहकारी'. आमची आत्या म्हणजे 'आणि सहकारी'.

आता अडचण अशी की त्या शाहिराचा आवाज म्हणजे ट्रॅक्टर. मागे कोरस गाणाऱ्या चार बायका म्हणजे सायकलच्या घंट्या. लग्नात, जयंतीत, जिथं जिथं ती रेकॉर्ड वाजली, तिथं तिथं आत्या सांगत राहिली, "ह्यात मी हाय," आणि तिचे यजमान विचारत राहिले, "कुठं हाय?" (आमच्याकडं आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात. हे मामा एसटीत कंडक्टर होते, त्यामुळं त्यांचा प्रश्न शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जायचा.)

"अहो, ह्यात मी हाय!"

"हायस तर दिसना कावून? बिनतिकिटाची बसलीस काय?"

हा विनोद मामांनी इतक्या वेळा केला की रेकॉर्डपेक्षा तोच जास्त झिजला.

निवृत्तीनंतर दोघं मामांच्या गावी, सिरसाळ्याला राहायला गेले. मागच्या वर्षी आत्याचे कान कुरकुरू लागले. बीडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डावा गेला, उजवा निघायच्या तयारीत आहे. कानात घालायचं मशीन दिलं, पण ते शिट्टी वाजवतं म्हणून आत्यानं ते बडीशेपेच्या डब्यात ठेवलं. मग एक दिवस मला म्हणाली, "परकाश, उजवा हाय तवर एकदा माझा मला आवाज ऐकव बाबा. मग गेला तर गेला."

एवढंच मागितलं. मला शिकवताना तिनं कधी काही मागितलं नव्हतं. मी म्हणालो, "आत्या, समज झालं!"

इथून पुढं काहीच झालं नाही.

गावातल्या एका मंडपवाल्यानं गोदाम रिकामं करताना जुना रेकॉर्ड प्लेअर, ॲम्प्लिफायर आणि एक भोंगा मला देऊन टाकला. थाळी फिरत होती. फक्त सुई गेली होती. सुई ज्या बोटभर डबीत बसवलेली असते तिला काट्रिज म्हणतात, ती अख्खी डबीच बदलायची होती. मी मोबाईलच्या दुकानात जाऊन ऐटीत सांगितलं, "एक काट्रिज मागवा." त्यांनी मागवलं. आलं ते प्रिंटरचं. काळ्या शाईचं.

माझी बायको सुनीता म्हणाली, "लावा की तेच. गाणं वाजलं नाही तर छापून येईल."

दुसऱ्या खेपेला बरोबर डबी आली. ती हातात घेतली आणि माझी बोटं एकदम म्हशीची वाटायला लागली. स्क्रू म्हणजे मोहरीचे दाणे! मी शेजारच्या रफिकला हाक मारली. रफिक माझा शाळासोबती, पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करतो. त्यानं पिशवीतून पाना काढला. तो पाना पाहून काट्रिजच काय, प्लेअरसुद्धा मागे सरकला असावा.

"ह्याच्याहून बारीक माझ्याकडं न्हाई भाऊ. पाच हॉर्सपॉवरच्या खाली आपण उतरतच न्हाई."

शेवटी सुनीताचा भुवयांचा चिमटा घेतला. (तो परत घेताना तिनं तो दोनदा साबणानं धुतला.) डबीसोबतच्या पत्रकात लिहिलं होतं की सुईचा रेकॉर्डवरचा दाब दोन ग्रॅम हवा. दोन ग्रॅम मोजणार कशावर? मी सोनाराकडं काटा मागायला गेलो.

"काय मोजायचंय गुरुजी?"

"सुई."

"सोन्याची?"

"न्हाई, साधीच."

सोनारानं काटा दिला, पण मी दुकानाबाहेर पडल्यावर तो शेजारच्याला काहीतरी म्हणाला आणि दोघंही माझ्याकडं बघत राहिले.

राहिल्या होत्या तारा. डबीच्या मागं चार पिना, त्यांना चार रंगांच्या केसाएवढ्या तारा. डाव्या बाजूच्या आवाजाच्या दोन, पांढरी आणि निळी. उजव्या बाजूच्या दोन, लाल आणि हिरवी. आमचा भोंगा एकच, म्हणून दोन्ही बाजूंचे आवाज रफिकनं पुढं ॲम्प्लिफायरमध्ये एकत्र केले होते. पत्रकातल्या चित्रात पांढरी आणि लाल वर, निळी आणि हिरवी खाली. मी चिमट्यात पहिली तार धरली, आणि तेवढ्यात दारात जीप थांबली. सिरसाळ्याहून आत्या आणि मामा हजर!

चहा झाला. मामा चष्मा पुसून माझ्या खांद्यावरून वाकले.

"ही निळी कुठं चालली?"

"खालच्या पिनेला, मामा."

"खाली?" मामांनी बस थांबवल्यासारखा हात वर केला. "आरं, निळी खाली?"

"चित्रात तसंच आहे."

"चित्र कुणी काढलं?"

"कंपनीनं."

"कंपनीला आपलं काय म्हाईत?"

आत्याला फक्त 'निळी' आणि 'खाली' एवढंच ऐकू आलं, पण तेवढं पुरलं. "परकाश! घरावर निळा झेंडा वर, अन् माझ्या रेकॉर्डीत निळी खाली कावून?"

मी शिकलेला माणूस. मी वर्गात देतो तसं उत्तर दिलं, "आत्या, विजेला रंग कळत नाही. तिला वर-खाली सगळं सारखंच."

"सारखंच आहे ना?" सुनीता म्हणाली. "मग लावा वर."

एम.कॉम.ला हा भाग नव्हता. शिवाय ते चित्र डबीच्या पुढून काढलंय की मागून, हेही मला नक्की कळलेलं नव्हतं. (हे मी कुणाला सांगितलं नाही.) निळी वर घेतली, पांढरी खाली गेली.

मग मामांच्या लक्षात आलं की घरात रफिकही बसलाय. ते संकोचून म्हणाले, "रफिक, तुझी हिरवी बी घेऊ का रं वर? मनात नगं काही."

रफिकनं छातीवर हात ठेवला. "राहू द्या मामा. आजचा मान आत्याचा हाय. हिरवी खालीच बरी."

आम्ही सगळे गहिवरलो. मामांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, सुनीतानं त्याला आणखी एक कप चहा दिला. पुढच्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ रफिकचा हा मोठेपणा!

आत्यानं पिशवीतून आणलेली रेकॉर्ड लावली. आत्याला भोंग्यासमोर, उजवा कान पुढं करून बसवलं. मी श्वास धरून सुई टेकवली. आधी खरखर, मग ढोलकी, मग टाळ. आता शाहिराचा ट्रॅक्टर सुरू होणार म्हणून मामांनी सवयीनं कानाजवळ हात नेला.

ट्रॅक्टर आलाच नाही.

ढोलकी वाजतेय, टाळ वाजतायत, आणि मधोमध लांबून, विहिरीच्या तळातून कुणीतरी खोकावं तसं काहीतरी.

"शाहीर कुठं गेला बे?" रफिक म्हणाला.

"च्या प्यायला उतरला असंल," मामा म्हणाले. "परकाश, तू काय केलंस? सगळी रेकॉर्ड पुसलीस काय?"

जगात बहुधा ही एकच प्रत उरलेली, आणि मी तिच्यातून अख्खा शाहीर खरवडून काढला! मी सुई उचलायला हात पुढं केला, आणि कोरस सुरू झाला.

"लेक शाळेला धाड गं बाई, लेक शाळेला धाड..."

स्वच्छ. चार बायका, जणू आमच्याच ओसरीत बसून गातायत. आणि त्या चौघींत तिघी म्हणत होत्या 'शाळेला', आणि एक, एकटीच, ठणठणीत आवाजात म्हणत होती, "लेक साळंला धाड गं बाई!"



आत्या भोंग्याकडं बोट दाखवून उठली. "ती! ती मी! त्या मुंबईच्या बाबानं किती डाव सांगितलं, बाई, शाळेला म्हणा, शाळेला म्हणा. तोंडात बसंच ना!"

"साळंला धाड गं बाई!" भोंग्यातली आत्या पुन्हा म्हणाली.

मामांनी घसा खाकरला. "कौसे, चुकली व्हतीस की गं तू."

"व्हते तर!" आत्या ऐटीत म्हणाली. "आता सांगा, हाय का न्हाई?"

"हाय." मामांनी चष्मा काढला. "परकाश, परत लाव."

परत लावली. मग पुन्हा. जेवण गार झालं. रेकॉर्ड माझ्याकडंच ठेवून संध्याकाळच्या जीपमध्ये बसतानाही आत्या ड्रायव्हरला सांगत होती, "माझी रेकॉर्ड हाय," आणि मामा शेजारून मान हलवत होते.

मी आठवडाभर गावात कॉलर ताठ करून फिरलो. आणि मग (शिकलेल्या माणसाला गप्प बसवत नाही ना!) शाहीर कुठं गेला ह्याचा शोध घ्यायला बसलो. मोबाईलवर एका गृहस्थांनी सगळं समजावलं. दोन बाजूंपैकी एकीच्याच तारा उलट्या लागल्या आणि पुढं दोन्ही आवाज एकत्र केले, तर दोन्हीकडं जे सारखं असतं ते एकमेकांना खाऊन टाकतं. शाहीर मधोमध उभा, म्हणजे दोन्हीकडं सारखा. तो गेला. ढोलकी एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. त्या राहिल्या. मी, हिशेबशास्त्राचा शिक्षक, अधिक आणि उणे उलट जोडून बसलो होतो!

रफिकला सांगितलं. तो हळहळला. "म्हंजी मी त्या दिवशी हिरवी बी वर घ्या म्हणलं असतं, तर?"

"तर दोन्ही बाजू सारख्याच उलट्या. काही बिघडलं नसतं. शाहीर जागेवर."

"मग घेऊन बघू की भाऊ."

हिरवीही वर घेतली. शाहीर दणक्यात परत आला, भांडी हादरली, आणि आत्या पुन्हा 'आणि सहकारी' झाली.

मग रफिकच म्हणाला, "भाऊ, हिरवी खालीच घ्या."

हे सगळं आत्याला कळवायला हवं होतं. फोनवर तिला फक्त 'हॅलो' ऐकू येतं, आणि लिहिता-वाचता तिला येत नाही. म्हणून मी पत्र लिहिलं, जे मामा तिच्या उजव्या कानाशी वाचतील. ते असं:

ती. कौसाआत्यास सप्रेम जयभीम.

मामा, पत्र मोठ्यानं वाचा. तुम्हाला सवय आहे.

आत्या, त्या दिवशी शाहीर गेला तो माझ्या चुकीनं गेला. तार उलटी लागली होती. दोन्ही बाजू सारख्या केल्या तर शाहीर येतो आणि तू दिसेनाशी होतेस. म्हणून मी त्या परत उलटसुलट केल्या आहेत आणि आता तशाच राहतील. मामा म्हणतील, मशीन बिघडलं होतं म्हणून ऐकू आलं. मामा, म्हणू नका. बिघाड माझ्या तारांत होता, आवाज तिचाच होता. तो आधीपासूनच त्या रेकॉर्डमध्ये होता. आपण सगळे शाहीरच ऐकत बसलो.

तू दर रविवारी ये. उजवा कान आहे तोवर ये, आणि नंतरही ये. नंतर मी भोंगा तुझ्या मांडीवर ठेवीन, हाताला कळेल.

मामा, आता पाणी प्या आणि पुढची ओळ पारापर्यंत जाईल अशी वाचा, कारण आत्याला कमी ऐकू येतं: रेकॉर्डवर कौसा गाते! तिला ऐकू आलं नसेल. पुन्हा वाचा.

तुझा,
परकाश

ता. क. आमचे प्राचार्य काल घरी आले होते. मी त्यांना रेकॉर्ड ऐकवली. त्यांनी विचारलं, "मुख्य गायक कोण?" मी छाती फुगवून म्हणालो, "माझी आत्या." त्यांनी कव्हर हातात घेतलं, त्यावरच्या झुपकेदार मिशांचा फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "आत्याबाईंची तब्येत चांगली दिसते." मी म्हणालो, "हो सर, घरचं दूध आहे."