मालूताईला विचारलं होतं

पंकजचा फोन आला तेव्हा मी पांढुर्ण्यातल्या माझ्या दुकानात विहिरीवरच्या पंपाच्या एका जळालेल्या मोटारीची तार उपसत बसलो होतो. "मामाजी, आई गेली. नागपूरले नेऊन राहिलो होतो, पोचलोच नाही..." आणि मी काही विचारायच्या आत, "लय अचानक झालं जी." हा 'अचानक' मी नंतर तेरवीपर्यंत ऐकला, अंगणात बसलेल्या प्रत्येक सोयऱ्याच्या तोंडून. मोठी बहीण गेल्याचं दुःख होतंच, पण खरं सांगतो, त्या शब्दानं माझ्या डोक्यात तिडीक जायची. मालूताईचं मरण अचानक नव्हतं. ते चांगलं वर्षभर त्या घरात ये-जा करत होतं आणि सगळ्यांनी त्याला बसायला पाट दिला होता.

रामाकोन्याच्या अंगणवाडीत ताईनं उभी हयात काढली. गावातली निम्मी पोरं तिनं उचलून वजनकाट्यावर ठेवली असतील, आणि त्यातली काही आता मिशा फुटल्यावरही तिला घाबरायची. अलीकडे सगळी वजनं मोबाईलमध्ये भरायची वेळ आली, तेही ती तरण्या पोरींच्या आधी शिकली. वजन ठीक भरलं की पडद्यावर हिरवा रंग यायचा. "याच्यात पोरगं हिरवं दिसलं म्हणजे झालं, मंग घरी उपाशी का असेना," असं म्हणून हसायची. संधिवात लागला तो बोटांपासून. सकाळी मूठ वळायची नाही. "सकाळी हात माहे नसते गजू, नवाच्या पुढे परत भेटते." यावरही हसायची. पण एक दिवस काट्यावर ठेवताना एक लेकरू तिच्या हातून निसटलं. खाली सतरंजी होती, लागलं काही नाही, तरी संध्याकाळी तिचा फोन आला, "मले कोण्या चांगल्या डॉक्टरकडे ने." बहिणीच्या सासरी भावानं चहा प्यायचा, मान घ्यायचा आणि तोंड उघडायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. दवाखान्यात न्यायला मात्र हरकत नसते.

नागपूरला सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे आम्ही तिघं गेलो, ताई, भाऊजी आणि मी. बाहेरच एका मुलीनं ताईच्या हातात टॅब दिला. पडद्यावर मराठीत प्रश्न होते, दुखणं किती ते सांगायला हसऱ्यापासून रडक्यापर्यंत चेहरे होते, प्रत्येक औषधाचा फायदा आणि त्रास चित्रांत दाखवला होता, आणि शेवटी विचारलं होतं, तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काय? ही उत्तरं डॉक्टरसमोर जातात आणि मग दोघं मिळून औषध ठरवतात, अशी ती सोय. ताईचं वाकडं बोट पडद्याला नीट लागेना, म्हणून भाऊजींनी टॅब आपल्याकडे घेतला आणि धडाधड दाबत गेले. दुखणं? "बरं हाये न तसं," हसरा चेहरा. महत्त्वाचं काय? घरकाम. माणूस वाईट नाही हो, रोज तिच्या गुडघ्यांना तेल चोळून देणारा. पण कोणी विचारलं की बरं आहे म्हणायचं, एवढंच त्याला माहीत.

आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी ती उत्तरं पाहिली, ताईची सुजलेली मनगटं पाहिली आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही जरा बाहेर बसता? हे मला त्यांना विचारायचंय." ताईनं अंगठ्याच्या पेरानं एकेक उत्तर पुन्हा दाबलं. रडका चेहरा दाबताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. शेवटच्या प्रश्नाचं तिचं उत्तर तिथं दिलेल्या उत्तरांत नव्हतंच. "लेकराले उचलून काट्यावर ठेवता आलं पायजे, न पाडता," ती म्हणाली, आणि बाईंनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दोघींनी मिळून ठरवली. हीच गोळी मोठ्या प्रमाणात कॅन्सरला देतात, सांध्यांना अगदी थोडी, मधून मधून रक्त तपासायचं, हेही त्या पडद्यावर होतं आणि ताईनं ते पुन्हा पुन्हा वाचलं. परतीच्या बसमध्ये भाऊजी पुढच्या सीटवर पेंगत होते. ताई हळूच म्हणाली, "गजू, लग्न झालं तवापासून मले पहिल्यांदा कोणी विचारलं, तुले काय पायजे." मला फार बरं वाटलं होतं तेव्हा.

पण त्या टॅबमध्ये जागा दोघांचीच, रोग्याची आणि डॉक्टरची. आमच्याकडे एका गोळीवर सगळं घर बोलतं. पंकजनं आपल्या मोबाईलवर गोळीचं नाव टाकलं आणि कॅन्सर हा शब्द मोठ्यानं वाचला. ताईच्या सासूबाईंनी, म्हणजे तिच्या आत्याबाईंनी, पदर डोळ्यांना लावला. मालूला कॅन्सर आहे आणि घरचे लपवून राहिले, अशी गावभर बोंब झाली. ताईनं दवाखान्याचं ॲप उघडून दाखवलं, समजावलं, चिडली. कोणी पाहिलं नाही. मी रीत मोडून गेलो, बोललो, आवाजही चढवला. "गजूभाऊ, चहा घ्या," भाऊजी म्हणाले. जाताना ताईला म्हटलं, तू ऐकू नको कोणाचं, घे तुझी गोळी. ती म्हणाली, "माह्या ब्लाउजचे हूक आत्याबाई लावून देते. ज्याच्यापुढे रोज सकाळी असं उभं राहा लागते, त्याच्यासंग भांडू कशी?"

गोळी बंद झाली आणि आठवडी बाजारातल्या एका जडीबुटीवाल्याची पुडी घरात आली. थोड्याच दिवसांत ताईची बोटं उघडली. एका हळदीत ती नाचली, लेकरं उचलायला लागली. चेहरा गोल झाला, तर सासरचे म्हणाले, तब्येत भरली. माझा धंदा मोटारींचा. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्याच्या जागी जाड तार जोडणारे लोक मी रोज पाहतो. मोटार झकास चालते आणि एक दिवस आतून जळून माझ्या दुकानात येते. असल्या पुड्यांत स्टिरॉइड कुटलेलं असतं, त्यानं दुखणं दबतं, चेहरा सुजतो आणि अंगाची रोगाशी झुंजायची ताकद जाते, हे मी ऐकून होतो. ताईला सांगितलं. ती म्हणाली, "असन. पण काल मी वेणी घातली गजू, आपल्या हातानं..." तिच्यावर रागवायचं तरी कसं?

दवाखान्याचं ॲप दर सोमवारी सकाळी वाजायचं. गोळी घेतली का, दुखणं किती? खोटं भरायचं ताईच्या जिवावर यायचं, म्हणून ती मोबाईल उचलेना. ते काम भाऊजींनी अंगावर घेतलं. गोळी घेतली, हो. चेहरा, हसरा. "त्या बाईनं एवढ्या आपुलकीनं केलं, तिले काहून वाईट वाटू द्या?" तिकडे बाईंना सगळं हिरवं दिसलं असणार. त्यांनी पुढची तारीख लांबवली. इकडे ताईच्या टाचेला काटा बोचला, जखम चिघळली, ताप चढला. सौंसरच्या डॉक्टरांनी कोणतं औषध चालू आहे म्हणून विचारलं, तेव्हा खाटेभोवती उभ्या असलेल्या एकानंही पुडीचं नाव काढलं नाही; मी तिथं नव्हतो, मला हे तेरवीला कळलं. ताई तेव्हा बोलण्याच्या अवस्थेत नव्हती. नागपूरला न्यायला गाडी बोलावली तोवर फार उशीर झाला होता.

परवा रामाकोन्याला गेलो. सोमवार होता. ओसरीवर भाऊजी एकटेच बसले होते, ताईचा मोबाईल शेजारी, चार्जरला लावलेला. आतून चहा आला आणि तेवढ्यात मोबाईल वाजला. भाऊजींनी चष्मा लावला. गोळी घेतली, हो. चेहऱ्यांवर त्यांचं बोट जरासं थांबलं आणि हसऱ्यावर टेकलं.

"भाऊजी, हे तिला विचारून राहिले," मी म्हटलं.

"मालूम हाये न जी," ते म्हणाले आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. पडद्यावर ओळ आली होती, 'खूप छान, मालतीताई! असंच चालू द्या.' भाऊजींनी ती मला मोठ्यानं वाचून दाखवली. त्यांचे डोळे वाहत होते. "पाहा न गजूभाऊ, अजून नाव घेते तिचं."

त्या घरातून पहिल्यांदाच मी चहा न पिता उठलो.