हुसेनभाईंचा तिसरा दिवस

अंड्याला खिडकी पाडताना हुसेनभाई श्वास रोखून धरत. कवचाला नखाएवढं भोक, आत तांबड्या शिरांचं जाळं आणि मधोमध धडधडणारा ठिपका. केसाएवढ्या काचेच्या नळीने ते तिथून रक्ताचा कण ओढत. साताऱ्याच्या आमच्या प्रयोगशाळेत हे काम त्यांच्याइतकं कुणालाच जमत नसे. पद मात्र मदतनिसाचं. नोंदवही माझ्याकडे.

ज्यांच्यापासून पुढे अंडी किंवा शुक्राणू तयार होतात, त्या बीजपेशी कोंबडीच्या भ्रूणात आधी रक्तातून फिरतात आणि मग आपल्या जागी जाऊन बसतात. फिरत असतानाच त्या पकडून गोठवल्या, तर नाहीशी झालेली जात परत आणण्याची आशा उरते. नेमक्या किती तासांनी पकडायच्या, असं मी विचारायचो. हुसेनभाई भ्रूणाच्या मानेचा बाक बघत आणि सांगत, "आज न्हाई, सायब. अजून वाटंला लागल्या न्हाईत त्या." फारच आग्रह धरला तर हसत. "आवं, कोंबडी काय घड्याळ लावून बसती व्हय?"

जत तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या, दुसरीकडे कुठेच नसलेल्या जातीच्या गावठी कोंबड्या रोगाने मेल्या. त्यांची शेवटची अकरा अंडी आमच्याकडे आली. सोमवारी सकाळी आठला ती उबवणी यंत्रात ठेवली आणि दुपारी हुसेनभाईंना मेव्हण्याच्या मयतीसाठी मिरजेला जावं लागलं. निघताना मला म्हणाले, "तिसऱ्या दिवशी काढा. उशीर करू नगा."

तीन दिवस म्हणजे बहात्तर तास. गुरुवारी सकाळी बरोबर आठला आम्ही पहिलं अंडं उघडलं. अकराही भ्रूण जिवंत होते, पण रक्तात मोजण्याइतक्या बीजपेशी एकातही नव्हत्या. त्या आपल्या जागी पोचल्या होत्या, आणि उघडलेल्या अंड्यांतून पिल्लं निघणार नव्हती. हुसेनभाईंच्या घरी ज्या दिवशी कोंबडी अंड्यांवर बसवली, तोच पहिला दिवस धरत. त्यांचा तिसरा दिवस बुधवार होता.

अहवालात मी लिहिलं, 'मदतनिसाची सूचना अस्पष्ट होती.' वाक्य खोटं नव्हतं. त्या वाक्यावरून त्यांची बदली खाद्याच्या गोदामात झाली. जाण्याआधी माझ्या टेबलापाशी आले. "चुकलं, सायब. बुधवार म्हणाया पायजे हुतं." मीही विचारायला हवं होतं, एवढं तरी मला म्हणता आलं असतं. मी नोंदवही उघडली.

मागच्या वर्षी ते गेले. मी घरी भेटायला गेलो, तेव्हा भाभींनी चहा दिला आणि म्हणाल्या, "हात थरथराया लागला म्हणून सोताहून ते काम सोडलं त्यांनी. म्हनायचे, माझ्या हातनं अंडी वाया जायला नगंत."

त्यांचा हात कधीच थरथरला नव्हता. मी मान हलवली आणि चहा संपवला.