दिवा आला

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगते. डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत एक काकू आहेत, त्यांना स्वयंपाकघरात भांडं वाजलं तरी करणी वाटते. त्यांची टर उडवण्यात मी सगळ्यांत पुढे. तेव्हा हे वाचून कुणी माझी टर उडवली, तर ते माझ्या कर्माचं फळ समजेन.

कॉलेजचा मित्र समीर, त्याची छोटी शिडाची बोट आहे. गेल्या हिवाळ्यात ती मुंबईहून गोव्याला न्यायची होती, सोबतीला मी. रात्री आळीपाळीने पहारा... एकाने झोपायचं, दुसऱ्याने जागं राहून पुढे बघायचं. बोट ऑटोपायलटवर आपली आपण चालते, काम काय ते डोळ्यांचं. समीरची अट एकच. काय हवं ते ऐक, पण एकाच कानात. दुसरा कान समुद्राला.

श्रीवर्धन मागे पडलं होतं. जमिनीवरून येणारा मतलई वारा मस्त लागला होता. उजव्या कानात इअरफोन, त्यात एक कादंबरी चालू, आणि खरं सांगायचं तर मी पेंगत होते. शीड उजवीकडे फुगलेलं, त्यामुळे पुढची ती बाजू बसल्या जागेवरून दिसत नाही. मधून मधून उठून, वाकून बघायचं असतं. मी बराच वेळ उठले नव्हते...

आणि डाव्या, मोकळ्या कानात बाबांचा आवाज आला.

"दिवा आला."

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. ते कोलशेतला एका कंपनीत होते. संध्याकाळी घरी येताना दिवा स्टेशन आलं की त्यांचा व्हॉइस मेसेज यायचा — 'दिवा आला. चहा टाक.' टाइप करायचा भारी कंटाळा. रोज तेच शब्द, तोच दमलेला सूर. ते दारात आणि चहा कपात, असं गणित बसलेलं. त्यामुळे दिवा म्हटलं की मला स्टेशनच आठवतं. दिवा म्हणजे दिवासुद्धा असतो, हे डोक्यातच येत नाही.

मी सवयीने उठले. हसू नका, पण अक्षरशः चहा टाकायला उठले. आणि शिडाखालून दिसला — मिणमिणता, पिवळा, अगदी समोर. नांगर टाकून उभी असलेली मासेमारीची होडी!

ऑटोपायलट काढला, बोट जीव खाऊन डावीकडे वळवली. शिडं फडफडली, समीर धडपडत वर आला. होडी इतक्या जवळून गेली की आत गोधडीत झोपलेली दोन माणसं मला दिसली. एकजण उठून बसला आणि त्याने मला मनसोक्त शिव्या घातल्या. त्या शिव्या ऐकून मला रडू आलं. माणूस जिवंत असल्याशिवाय शिव्या देत नाही.

मग फोन बघितला. कादंबरी चालूच होती. बाबांचे मेसेज फोनमध्ये जपून ठेवलेत, पण ते वाजले असते तर उजव्या कानात वाजले असते. समीर म्हणतो, अर्धवट झोपेत मेंदू असले खेळ करतो. करत असेल. पण माझ्या मेंदूने तो दिवा पाहिलाच नव्हता, मग त्याला सांगितलं कुणी?

घरी येऊन जुने मेसेज सगळे ऐकले. नुसतं 'दिवा आला' असा एकही नाही. प्रत्येकात चहा आहेच.

आईला सांगू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. शेवटी सांगितलं. ती मेथी निवडत होती. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"चहाचं नाही म्हणाले?"

"नाही."

"मग घाईत असणार," एवढंच म्हणाली आणि पुढची जुडी सोडली.

उद्या पुन्हा समीरच्या बोटीवर निघतेय. मघाशी बॅग उघडली तर कपड्यांखाली चहाची पुडी होती, बाबांच्या ब्रँडची. आमच्या घरी आता तो चहा कुणी पीत नाही.

मी ती तशीच राहू दिली.