एकच आंडेर शे

एम.ए.च्या शेवटच्या वर्षाचे माझे सगळे रविवार कांद्यात गेले. मी नाशिकला गंगापूर रोडच्या वसतिगृहात राहायचो आणि आमच्या मार्गदर्शक बाईंनी मला प्रबंधासाठी अहिराणी बोली दिली होती. अट एकच होती. बागलाणातल्या कुणा एका माणसाचं तासभर बोलणं रेकॉर्ड करून आणायचं, तेही घरात बोलतात तसं, खरंखुरं. "दिवाळीपर्यंत तास आणलास तर प्रबंध, नाहीतर पुढच्या वर्षी याच खोलीत भेटू," असं बाई हसत म्हणाल्या होत्या. बाई हसत म्हणाल्या की ते हमखास खरं व्हायचं.

मी कोल्हापूरकडचा. बागलाणातली माणसं 'आहे'ला 'शे' म्हणतात, एवढीच काय ती माझी अहिराणी. तरी श्रावणातल्या पहिल्याच रविवारी सकाळी सटाण्याची एसटी धरली. शेजारी एक निवृत्त मास्तर बसले होते. त्यांना माझं काम ऐकून माझी कीव आली असावी. देवळ्याच्या पुढे त्यांचं गाव होतं, तिथेच ते मला घेऊन उतरले. "सरळ चाळीत जा. तिथे माझी वहिनी असेल. गावात तिच्याइतकं कुणी बोलत नाही," म्हणाले आणि घरी निघून गेले.

मी पाऊण तास गावात चाळ शोधत होतो. चाळ म्हणजे खोल्या, जिने, वाळत घातलेले कपडे. तसलं काही दिसेना. शेवटी एका बाईने पदराआड हसत समोर बोट दाखवलं. पत्र्याचं छप्पर, बांबूच्या पट्ट्यांच्या भिंती आणि आत छातीइतका कांदा. ती चाळ. त्या दिवशी गावाने मला पहिल्यांदा हसून घेतलं.

आत चार-पाच बायका सडका कांदा वेगळा काढत बसल्या होत्या. मधोमध बसलेली पन्नाशीची, ठसठशीत कुंकवाची बाई म्हणजे मास्तरांची वहिनी. मी तिला मावशी म्हणू लागलो. तिने माझ्याकडे पाहिलं, मग बुटांकडे पाहिलं आणि म्हणाली, "बठ." बसायला पोतं दिलं आणि पुढ्यात कांदेही सारले. रिकाम्या हाताने बसलेला माणूस तिला बघवत नसे.

दुपारी ती घरून आणलेली भाकरी आणि मिरचीचा ठेचा माझ्यासमोर ठेवत म्हणाली, "माले एकच आंडेर शे."

मी भुकेने कासावीस झालो होतो, पण श्रावण पाळायचा शब्द आईला दिला होता. शिवाय बिचारीकडे एकच. मी अगदी अदबीने म्हणालो, "मावशी, एकच असेल तर तुम्हीच खा. माझा श्रावण आहे."

चाळीतल्या बायका हसतच सुटल्या. एकीला ठसका लागला, दुसरी कांद्यावर आडवी झाली. मावशीच्या डोळ्यांना धार लागली आणि ती काही कांद्याची नव्हती. आंडेर म्हणजे अंडं नव्हे, मुलगी. मावशीची एकुलती एक मुलगी, लग्न करून पुण्याला दिलेली. मी ती आईलाच खायला सांगितली होती.

त्यानंतर मला ओळख करून द्यायची गरजच पडली नाही. एसटीतून उतरलो की चहाच्या टपरीवरचा माणूस विचारायचा, "काय भाऊ, श्रावण सरना का?" श्रावण सरून भाद्रपद लागला तरी विचारायचा.

पण घोडं अडलं ते रेकॉर्डिंगपाशी. मावशी दिवसभर धो धो बोलायची. शेजारपाजारच्या सुनांबद्दल, बैलांबद्दल, सरपंचाच्या नव्या गाडीबद्दल. मी फोन काढून रेकॉर्डिंगचं बटण दाबलं रे दाबलं, की पाठ ताठ करायची, पदर सारखा करायची आणि रेडिओवरच्या बातम्यांसारखी सुरू व्हायची, "नमस्कार. आम्ही शेतकरी आहोत. आम्ही कांदा पिकवतो." फोन खिशात गेला की, "हां, तं मी काय सांगत व्हतू?" असे पाच रविवार गेले. माझ्याकडे कांदा पिकवण्याबद्दलची शुद्ध मराठी माहिती तेवढी जमली. एकदा मी वैतागून म्हणालो, "मावशी, असं नका ना बोलू." तर तिलाच राग आला. "शिकेल मानूस तू, आन माले अडाणी बोलाले लावस?" पहिल्या दिवशी परवानगीचा फॉर्म भरतानासुद्धा 'मातृभाषा' या रकान्यात तिने मला ठासून 'मराठी' लिहायला लावलं होतं.

मी तिला हसायचो, पण मला तोंड नव्हतं. वसतिगृहात आल्या आल्या पोरांनी माझ्या 'जायलोय-करायलोय'ची नक्कल करून करून जीव नकोसा केला होता. तेव्हापासून आईचा फोन आला की मी गच्चीवर जायचो. तिथे मनसोक्त 'व्हय गं, जेवलोय' करायचो आणि खाली येताना जिन्यात भाषा बदलायचो. मला त्याची लाज वाटायची आणि तरीही मी ते करायचो.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मी हरलो होतो. मावशीची बातमीपत्राची दहा मिनिटं ऐकली, फोन कांद्याच्या क्रेटवर तसाच टाकला आणि दूर विहिरीवर जाऊन बसलो. संध्याकाळी फोन उचलून निघालो आणि परतीच्या एसटीत पाहतो तर रेकॉर्डिंग चालूच राहिलेलं. कानाला लावलं. मावशीकडे शेजारच्या गावची कुणी पाहुणी आली होती आणि मावशी तिला माझी गोष्ट सांगत होती. "मी सांगं, माले एकच आंडेर शे. तं हाऊ म्हने, मावशी, तुम्हीच खा!" पुढे हसू, मग मुलीचं लहानपण, मुलीचं लग्न, मधेच कांदा निवडणाऱ्या बायकांना एक शिवी. तास उलटून गेला होता. मी भर एसटीत एकटाच इतका हसलो की कंडक्टरने तिकीट पुन्हा तपासलं.

सोमवारी धावत बाईंकडे गेलो. त्यांनी डोळे मिटून पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाल्या, "सोनं आहे. त्यांना माहीत आहे का?"

मी खालमानेने 'नाही' म्हणालो.

"मग विचारून ये. त्या नको म्हणाल्या तर माझ्यासमोर पुसायचं."

पुढच्या रविवारी चाळीत बसून मी मावशीला सगळं सांगितलं आणि रेकॉर्डिंग लावलं. आधी ती हसली. मग तिचा हात तोंडावर गेला तो तिथेच राहिला. "हाई मी शे? आशी बोलस मी?" आणि थोड्या वेळाने, "पुसी टाक."

माझं वर्ष माझ्या डोळ्यांसमोर पुसलं गेलं. तरी मी विचारलं, का. ती कांदे निवडता निवडता सांगत गेली. साखरपुड्याला ती पुण्याच्या व्याह्यांशी दोन वाक्यं बोलली आणि तिकडची मंडळी हसली. मुलगी रडवेली होऊन म्हणाली, आई, यांच्यासमोर नीट बोल ना. तेव्हापासून मायलेकी फोनवरही नीटच बोलायच्या. जेवलीस का, हो जेवले. तब्येत बरी आहे का, बरी आहे. दोन मिनिटांत फोन संपायचा. पुढे काय बोलावं ते नीट मराठीत मावशीला सुचायचं नाही. मला फार वाईट वाटलं. आमची गच्ची मला आठवली.

मी पुसायला फोन हातात घेतला, तशी ती म्हणाली, "थांब. तिले धाड. ती हो म्हनी तं ऱ्हाऊ दे."

मुलीचा नंबर घेऊन मी ते पाठवलं. पलीकडे पोचल्याची खूण दिसली. आम्ही कांदे निवडत राहिलो. त्या दिवशी मी एवढे कांदे निवडले की मावशीने पहिल्यांदा माझ्या कामाला नावं ठेवली नाहीत. दोन तासांनी मुलीचा रेकॉर्ड केलेला निरोप आला. आधी नुसतंच हसणं, श्वास लागेपर्यंत. मग, "माय, हाऊ कोन शे येडा?" मग हळूच, "माय, मनासंगे काब आशी बोलत नही?" माझ्याशी का नाही बोलत अशी?

मावशीने ते तीनदा लावायला सांगितलं. चौथ्यांदा तिने स्वतःच बटण दाबलं. पदराने डोळे पुसले, आणि या वेळी कुणी कांद्याचं नाव घेतलं नाही.

"तुना तो कागद काढ," ती मला म्हणाली.

मी पिशवीतून फॉर्म काढला. मातृभाषेच्या रकान्यावर तिने मातीने भरलेलं बोट ठेवलं. "हाई खोड. अहिराणी लिख."

मी 'मराठी' खोडून 'अहिराणी' लिहिलं. तिने वाकून ते अक्षर अक्षर लावून वाचलं. मी फॉर्मची घडी घालायला लागलो तर तिने माझा हात धरला.

"आन खाले आखो लिख," ती रकान्याखाली बोट टेकवत म्हणाली. "आंडेरबी बोलस."