निरीक्षक पँटिन यांचा खर्ज

इनिड फॉनरोझ बाईंनी तीस वर्षं शाळेत गाणं शिकवलं. निवृत्त झाल्यावर मागच्या खोलीतला पलंग बाहेर काढला, भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आणि तिथे रेकॉर्डिंग सुरू केलं. पोर्ट ऑफ स्पेनच्या कार्निव्हलच्या आधी दोन महिने त्यांच्या व्हरांड्यात गायकांची रांग लागायची. साठी उलटलेले गायकही बाईंसमोर हात मागे बांधून उभे राहायचे. मी त्यांच्याकडे ट्रम्पेट वाजवायचो, म्हणून हे सगळं माझ्यासमोरच घडलं.

त्या वर्षी लॉर्ड बॅरोमीटर नवं कॅलिप्सो, म्हणजे कुणाची तरी खिल्ली उडवणारं कार्निव्हलचं गाणं, घेऊन आला. खरं नाव कार्लटन मॅप, एरवी बस चालवायचा. आमचे बाजार निरीक्षक पँटिनसाहेब टेप धरून भाजीवालींच्या जागा मोजत होते. मोजता मोजता उलट्या पावली मागे गेले आणि थेट गटारात बसले. त्यावर गाणं होतं. पंचाईत एवढीच, की पँटिनसाहेब बाईंचे शेजारी. मध्ये फक्त एक आंब्याचं झाड.

नाव तेवढं बदल, असं बाईंनी सुचवून पाहिलं.

"नाव न घेता टोमणे मारायला मी काय त्याची सासू आहे?" बॅरोमीटर म्हणाला.

मग दोघांचं चालीवरून वाजलं. त्याला जुन्या पद्धतीचं संथ कॅलिप्सो हवं होतं, बाईंना सोका या नाचाच्या गाण्यांची पळती लय. गाणं आधी कमरेला कळलं पाहिजे, डोक्याला नंतर कळलं तरी चालेल, हे बाईंचं ठाम मत. शेवटी कडवी संथ आणि धृपद धावतं, असा तह झाला. 'माप घे, पँटिन, माप घे, गटार किती खोल ते माप घे!' खिडक्या बंद, आवाज येतो म्हणून पंखाही बंद. चौथ्या दिवशी ढोलकीवाल्याला घेरी आली, तेव्हा बाईंनी खिडकी उघडली.

तिसऱ्या आठवड्यात कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले पँटिनसाहेब दारात उभे. बॅरोमीटर भिंतीवरून सुटलेल्या एका गादीमागे शिरला. पाय बाहेरच राहिले.

साहेबांनी खिशातून कागद काढला. आपली तक्रार दोन मुद्द्यांची आहे, म्हणाले. पहिला मुद्दा: गाण्यात त्यांना मासळीबाजाराच्या गटारात पाडलंय. ते भाजीच्या गटारात पडले होते. मासळीचं गटार त्यांच्या अखत्यारीत येत नाही.

"आणि दुसरा?" बाईंनी विचारलं.

"तुमच्या कोरसला खर्जच नाही. दोन आठवडे ऐकतोय, सहन होत नाही."

वीस वर्षं चर्चमध्ये खर्ज गायलेला माणूस. बाईंनी त्यांना माइकसमोर उभं केलं. त्यांनी सूर लावला तशी खिडकीची काच थरथरली. बाईंनी मान खाली घालून डोळे पुसले.

बॅरोमीटर गादीमागून बाहेर आला. "साहेब, तुम्हाला राग नाही आला?"

"आलाय. पण राग आला म्हणून बेसूर ऐकून घ्यायचं का?"

स्वतःचं नाव मात्र ते गाईनात. तेवढ्या शब्दापुरते तोंड मिटून उभे राहायचे आणि 'गटार किती खोल'ला पुन्हा उतरायचे. पोर्ट ऑफ स्पेनला कॅलिप्सोचे कार्यक्रम होतात त्या तंबूत लोकांनी ते गाणं तीनदा गायला लावलं. आमच्या बाजारात आजही साहेब टेप घेऊन शिरले की भाजीवाल्या धृपद धरतात, आणि ते थांबून त्यांचा सूर दुरुस्त करतात.

तेव्हापासून दरवर्षी बाईंच्या रेकॉर्डिंगला खर्ज पँटिनसाहेबांचाच. बॅरोमीटरशी मात्र ते बोलत नाहीत. बसमध्ये चढले तरी ओळख दाखवत नाहीत. आपण तिथे सूर जुळवायला जातो, मैत्री करायला नाही, असं त्यांनी बाईंना स्पष्ट सांगितलंय. साहेबांच्या घरासमोर थांबा नाही. बॅरोमीटर तरी रोज तिथे बस थांबवतो.