'जातो' म्हणणारा किसन

सोमवारी सकाळी किसनच्या कँटीनचा सुपरवायझर फोनवर म्हणाला, "काका, किसनदादा गेले. हार्ट अटॅक." खरं सांगतो, 'गेले' ऐकून आधी मला हसूच आलं. हा माणूस आमच्याकडून एरवी दर रविवारी 'जातो' म्हणूनच निघायचा... मग बायकोला हाक मारली.

चाकणजवळच्या आमच्या गावातला हा माझा वर्गमित्र. एके काळी त्याचं नाव निघालं की बाजारातली शटरं खाली यायची. जमिनीच्या वादात त्याने भरचौकात एकाचा खून केला आणि जन्मठेप भोगली. सुटून आला तर भावांनी दार लावून घेतलं. मग थेरगावात खोली घेऊन एका कंपनीच्या कँटीनमध्ये भाजी चिरायला लागला. "माझ्या हातात सुरी देनारा बी काळजाचा पक्काच म्हनायचा, राव," असं स्वतःच म्हणायचा. रविवारी चहाला रहाटणीला आमच्याकडे. तो आला की सोसायटीतले लोक जिन्यात अंग चोरून उभे राहायचे.

माझी बायको सुमन त्याला घाबरत नसे, पण त्या 'जातो'वर भडकायची. "भाऊजी, येतो म्हणावं. जातो काय?"

"वहिनी, सुटताना सवयीनं शिपायाला 'येतो सायेब' म्हनून बसलो. त्यो वरडला, येतो काय, जातो म्हन! तवापास्नं कानाला खडा."

आम्ही पोट धरून हसायचो. पण माझा स्वभाव चौकस. अख्खा बाजार ज्याला भ्यायचा, तो एका शब्दाला का भितो? एका रविवारी, सुमन स्वयंपाकघरात असताना, खोदून विचारलंच.

किसनने चहाचा पेला खाली ठेवला. "ज्याला मी मारलं, त्यो बी सकाळी घरातनं येतो म्हनूनच निघाला असंल, न्हाई का? मंग त्यो शबूद मी कुठल्या तोंडानं घिऊ?"

सुमनने आतून ऐकलं होतं. ती पदराला हात पुसत बाहेर आली. "त्याचं वाईट वाटतंय ना, वाटायलाच पाहिजे. पण या घरात परत यायचंय का नाही, तेवढं सांगा."

त्याने चपला घातल्या, उंबऱ्याशी घुटमळला... आणि हळूच म्हणाला, "येतो, वहिनी."

दुसऱ्याच दिवशी तो फोन.

याला आता काही आठवडे झाले. रविवारी सुमन अजून त्याचा स्टीलचा पेला विसळून ओट्यावर ठेवते. परवा मी म्हटलं, ठेवून दे आता आत.

"राहू दे," ती म्हणाली. "येतो म्हणून गेलेत."